बारा विहिरींचा मुलूख

मिलिंदचा फोन आला तेव्हा शाळेत परिपाठ चालू होता. पोरं हात जोडून उभी होती आणि मी ओळीच्या टोकाला. फोन कानाला लावला तर पलीकडून नुसता श्वास ऐकू आला... मग तो म्हणाला, "ताई गेली. बाबांना तू सांग. मला फोनवर जमणार न्हाई." मिलिंद माझा नवरा. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, माझी नणंद, करुणाताई. आठ दिवसांपासून त्या जालन्याच्या दवाखान्यात होत्या. मी स्कूटी काढली आणि टेंभुर्णीला घरी आले. मामा, म्हणजे माझे सासरे, ऐंशी पार केलेले निवृत्त पोस्टमास्तर, ओसरीवर पेपर वाचत बसले होते. मी त्यांच्या समोर खाली बसले आणि म्हणाले, "मामा, करुणाताई गेल्या. तास झाला. मिलिंद जवळ होता." त्यांनी विचारलं, "बोलली का काही?" मी म्हटलं, "न्हाई. झोपेतच होत्या." ते बराच वेळ पेपरची घडी घालत राहिले. घडी नीट बसेना तशी पुन्हा उलगडून पुन्हा घालत राहिले. शेवटी म्हणाले, "बरं झालं तू सांगितलं. तू नीट सांगतीस."

या गोष्टीला आता दीड महिना झाला. माणसं भेटायला येतात, ताईंच्या शिकवण्याबद्दल बोलतात. दहावीचं गणित त्यांनी कसं पोरांच्या गळी उतरवलं ते सांगतात, आणि ते सगळं खरंच आहे. पण मला पुन्हा पुन्हा मामांचं ते वाक्य आठवतं. कारण अठरा वर्षांपूर्वी या घरात सून म्हणून आले तेव्हा याच मामांना "चहा देऊ का" एवढं विचारायलाही माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. डोक्यावरचा पदर आणि खाली घातलेली मान, एवढीच माझी ओळख होती. नीट सांगायला मला करुणाताईंनी शिकवलं. तेही समोर बसवून, उपदेश करून नव्हे. त्यांनी मला एका खेळात ओढलं.

माझं माहेर पिंपळगाव रेणुकाईचं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना लग्न ठरलं आणि शिक्षण तिथंच थांबलं. सासरी सासूबाई नव्हत्या, त्या आधीच वारलेल्या. घरात मामा, मिलिंद आणि ताई. ताईंनी लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "वेळ न्हाई." लोकांना ती थट्टा वाटायची, पण ते अगदी खरं होतं. शाळा सुटल्यावर त्यांचा सगळा वेळ वह्यांमध्ये जायचा, आणि त्या वह्यांमध्ये गणितं नसायची, नियम असायचे.

झालं असं होतं, की एम.एस्सी.ला वसतिगृहात असताना त्यांच्या खोलीतल्या मुलीकडं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं आणि पिशवीभर वेगवेगळ्या तोंडांचे फासे होते. त्या खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. सांगणारा म्हणतो, "समोर नदी आहे, पूल वाहून गेलाय, तू काय करतोस?" तुम्ही म्हणता, "पोहून जातो." पोहणं जमलं की नाही ते फासा ठरवतो, आणि गोष्ट तिथून पुढं जाते. दोन वर्षं ताई तो खेळ खेळल्या. नोकरी लागून गावी आल्या तेव्हा ना पुस्तक होतं ना फासे. त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही. "त्या पुस्तकात सगळे ड्रॅगन मारून राह्यले होते," त्या सांगायच्या, "अन् आपल्याकडं नुसता तडस दिसला तरी गाव गोळा होतं. ते नियम आपल्या काय कामाचे? म्हणलं, आपले आपण करू."

पहिली वही त्यांनी सहा महिने लिहिली. तिच्यात भूक होती, तहान होती, उन्हाचा त्रास होता, घोड्याच्या नालेची झीज होती, आणि प्रत्येकाचा वेगळा तक्ता. एका रविवारी दुपारी त्यांनी मामांना आणि मिलिंदला बसवलं. मिलिंद अजून सांगतो, घोड्यावर खोगीर चढेपर्यंत चहा दोनदा झाला, आणि घोडा वेशीबाहेर पडायच्या आत मामा भिंतीला टेकून झोपून गेले. ताईंनी वही मिटली. दुसऱ्या दिवशी तिच्यातली बत्तीस पानं आडव्या रेघा मारून रद्द केली. कुणावर रागावल्या नाहीत. नियम बरोबर होते, पण त्यांच्यामुळे माणूस झोपत होता, तर दोष माणसाचा कसा, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

फाशांऐवजी त्यांनी चिंचोके घेतले. चिंचोका दगडावर घासून एक बाजू पांढरी करायची, दुसरी तशीच काळी ठेवायची. सहा चिंचोके टाकायचे आणि पांढरे किती पडले ते मोजायचं. गावात हे लहान पोरांनाही ठाऊक असतं. पण ताई गणिताच्या. त्यांनी एकेक चिंचोका शंभर-शंभर वेळा टाकून पाहिला आणि त्यांच्या लक्षात आलं, की घासलेली बाजू सपाट होते आणि चिंचोका लबाडी करतो. मग आठवडे आठवडे दुसऱ्या बाजूनंही, काळेपणा जाऊ न देता, थोडं थोडं घासणं, पुन्हा टाकणं, पुन्हा नोंद. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी पाहिलं ते हेच. ओसरीच्या पायरीवर बसलेली एक शिक्षिका एकाग्र होऊन चिंचोका घासतेय आणि शेजारी वही उघडी. मला वाटलं, या घरात काहीतरी बिनसलेलं आहे.

खेळाचा मुलूखही त्यांचाच होता. एक कोरडी नदी, तिच्या काठानं बारा विहिरी, प्रत्येक विहिरीभोवती एक वस्ती, आणि बारावी विहीर गढीच्या आत. कोण व्हायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. मिलिंद घोड्यांना नाल ठोकणारा नालबंद झाला होता. मामा झाले होते गढीचे मालक, जहागीरदार. ताईंनी त्यांना विचारलं होतं, "बाबा, हेच कामून?" मामा म्हणाले होते, "आमच्या आज्याला गढीच्या पायरीवर बसू देत नव्हते. आत बसल्यावर कसं वाटतं ते पाहू दे की मला."

लग्नानंतरच्या तिसऱ्या रविवारी मी चहाचा ट्रे घेऊन ओसरीवर गेले, तर ताई म्हणाल्या, "बस." मी म्हटलं, "मला न्हाई येत." "इथं कोणालाच येत न्हाई," त्या म्हणाल्या, "कोण होतीस, बोल." मी विचार केला, कमीत कमी बोलायला लागेल असं काय असेल? निरोप पोचवणारी. ठरलेलं सांगायचं आणि परत पळायचं. अशी मी हरकारी झाले आणि माझं खेळातलं नाव पडलं बिजली. नावाला विजेचं, पण पुढचे चार रविवार ही बिजली जे काय करायची ते ताईंच्या कानात सांगायची आणि ताई ते मोठ्यानं बोलायच्या. मामांसमोर मी कशी बोलणार? त्यानंतरच्या रविवारी ताईंनी सगळ्यांदेखत वहीत एक नियम लिहिला आणि मामांना वाचायला दिला. 'खेळात नातं न्हाई. बसल्यावर जो तो आपल्या खेळातल्या नावानं. अरे-तुरे करायचं की अहो-जाहो, तेही खेळातल्या माणसानं ठरवायचं.' मामांनी चष्मा सरकवून वाचलं आणि म्हणाले, "बराबर."

त्याच दुपारी तिसऱ्या वस्तीची विहीर आटली. वस्तीवाल्यांनी हरकारीला निरोप दिला, गढीत जा आणि सांग, आतली विहीर आम्हाला उघडी करा. मी चिंचोके उचलले. म्हटलं, टाकून मोकळी होते, पडले पांढरे तर पडले. ताईंनी माझ्या मुठीवर हात ठेवला. "बोलून होत असंल तर चिंचोके कशाला?" "ताई, मी..." "इथं ताई न्हाई कोणी. गढीचं दार उघडलंय. जहागीरदार समोर बसलेत. बोल, हरकारी." मामा बाजेवर बसले होते, खेळात चांगलेच रंगलेले. मिशीवर हात फिरवत म्हणाले, "कोण आलंय?"

माझे कान तापले होते. तरी मी उभी राहिले. "मी बिजली. तिसऱ्या वस्तीची हरकारी. तिथली लेकरं दोन दिवस चिखल गाळून पिऊन राह्यलीत. ही विहीर ज्यांनी खोदली ते वस्तीतलेच होते, जहागीरदार. ती उघडी कर." 'कर' म्हटलं मी. माझ्याच कानांना ते खरं वाटेना. मामा तोऱ्यात म्हणाले, "पायरीखाली उभी राहून बोल." आणि मला काय झालं कोण जाणे, मी म्हणाले, "न्हाई राहत. तूच खाली ये."

 मिलिंदच्या हातातला शेंगदाणा हातातच राहिला. मामा माझ्याकडं पाहत होते, पण त्यांची नजर माझ्या पलीकडं कुठंतरी होती. मग ते बाजेवरून उठले, खाली जमिनीवर बसले आणि अगदी हळू म्हणाले, "ने पाणी. दोर गढीचाच घे." एवढं बोलून ते आत निघून गेले आणि परत बाहेर आलेच नाहीत. मी संध्याकाळभर भाकरी थापता थापता आतल्या खोलीकडं बघत होते. ताईंकडं पाहिलं तर त्या निवांत वहीत काहीतरी लिहीत बसलेल्या.

सकाळी मामांना चहा दिला आणि तिथंच उभी राहिले. काल जमलं ते आज जमलं नाही तर पुन्हा कधीच जमणार नाही, असं मनात आलं. मी म्हटलं, "मामा, माझं राह्यलेलं बी.एस्सी. मला पुरं करायचंय." ते दचकले. "हे खेळातलं न्हाई ना?" "न्हाई मामा. घरातलं." त्यांनी बशीतला चहा संपवला. "मंग फॉर्म आण," ते म्हणाले. मी वळले तसं मागून बोलले, "काल मी उठून गेल्तो, ते तुझ्यावर रागावून न्हाई गेलो. पायरीखाली उभं राहा, हेच वाक्य माझ्या आज्याला म्हणलं होतं. बापाकडून शंभरदा ऐकलं ते मी. अन् जरा बाजेवर बसलो तर माझ्याच तोंडातून आलं..."

पुढं मी बी.एस्सी. झाले, बी.एड. केलं, आज नववी-दहावीला विज्ञान शिकवते. मधल्या वर्षांत एकदा ताईंना विचारलं, "तुम्ही हे सगळं माझ्यासाठी जुळवून आणलं होतं ना?" त्या हसल्या. "मी काय केलं? मी फक्त विहीर आटवली."

ताईंचं सगळंच बरोबर यायचं असं मात्र नाही. शेजारच्या गोदाकाकू आमचा आरडाओरडा ऐकून एक दिवस भिंतीवरून डोकावल्या आणि पुढच्या रविवारी येऊन बसल्या. मोठ्या शेतकरी घरातल्या, बागायत सांभाळणाऱ्या, आणि वर्षभरापूर्वीच नवरा गेलेला. त्या हकीम झाल्या आणि दिसेल त्याला ओवा खायला घालू लागल्या, अगदी नालबंदाच्या घोड्यालासुद्धा. तेव्हा ताईंचा नियम असा होता, की जिवावरच्या प्रसंगी सहाही चिंचोके काळे पडले तर तो माणूस मेला. नदी ओलांडताना काकूंचे सहाही काळे पडले. ताईंनी शांतपणे सांगितलं, "हकीम वाहून गेला." काकूंनी पदर खोचला आणि उठून घरी गेल्या. तीन रविवार फिरकल्या नाहीत. ताई म्हणत राहिल्या, असं क्वचितच पडतं, हिशेब करून ठेवलाय मी. मला राग आला. मी म्हटलं, "हिशेब त्यांच्या घरी जाऊन सांगा." आणि त्या खरंच गेल्या. मला सोबत घेऊन गेल्या.

काकू शेंगा फोडत बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "आमच्या मालकाला बी असंच झालं. सकाळी मोटर चालू करायला गेल्ते, अन् घटकेत सगळं संपलं. मला कोणी इचारलं का? तुझ्या खेळात बी न इचारताच नेणार असशील तर म्या कशाला येऊ तिथं?"  ताई काकूंच्या शेजारी बसल्या आणि शेंगा फोडू लागल्या.  रविवारपर्यंत नियम बदलला होता. सहा काळे पडले तर सांगणारीनं विचारायचं, थांबतेस का चालतेस? थांबायचं तर गोष्ट मानानं संपवायची. चालायचं तर काहीतरी कायमचं सोडून द्यायचं. आणि ते काय, हेही खेळणाऱ्यानंच सांगायचं. काकूंनी हकिमाचे डोळे दिले. तेव्हापासून आमचा हकीम आंधळा आहे आणि पाला वासावरून ओळखतो. असा तयारीचा हकीम मी दुसरा पाहिला नाही.

दोन वर्षांपूर्वी ताईंच्या रक्तात दोष निघाला. औषधं चालू झाली, केस गेले, शाळा सुटली. एकदा दवाखान्यात त्यांच्या पायांना तेल लावताना मी म्हटलं, "ताई, आपण चालायचं, थांबायचं न्हाई." त्यांनी पाय मागं घेतला. "खेळातलं इथं आणू नको, सुजाता. तिथं इचारणारी मी आहे, इथं कोणी इचारत न्हाई. म्हणून तर तिथला नियम तसा केला." नंतर त्यांनीच माझा हात ओढून पायावर ठेवला, पण बोलणं मागं घेतलं नाही.

घरी असल्या की त्या नवी वही लिहायच्या. या वेळी काही वाढवायचं नव्हतं, उलट कमी करायचं होतं. दुसऱ्या कुणालाही खेळ चालवता येईल इतके नियम सोपे करायचे होते. आणि ते दुसरं कुणी म्हणजे मी, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मी सरळ नाही म्हटलं. "तुमच्याशिवाय हा खेळ नकोच." त्या माझ्यावर एवढ्या कधी चिडल्या नव्हत्या. "मंग एवढी वर्षं मी काय केलं? माझ्याशिवाय चालत नसंल तर हे नियम कशाचे? नुसता माझा लहरीपणा झाला हा!" रविवारी मी त्यांच्या जागेवर जाऊन बसले.

मी वाईट सांगायचे. कुणी अडलं की वाट दाखवून टाकायचे, कुणी चुकायला लागलं की आधीच सावध करायचे. शिक्षिकेची खोड. ताई बाजेवर पडून ऐकायच्या आणि मध्येच ओरडायच्या, "तू त्यांना उत्तरं वाटून राह्यलीस. अडचण दे त्यांना, अडचण!" असं सात-आठ महिने चाललं. दवाखान्यात न्यायच्या आधीच्या रविवारी मात्र त्या पूर्ण वेळ डोळे मिटून पडून होत्या. एकदाही बोलल्या नाहीत. मला वाटलं झोप लागली. खेळ उरकून मी चादर अंगावर घालायला गेले तर डोळे न उघडता म्हणाल्या, "जहागीरदाराच्या भांडणात घाई केलीस. बाकी बराबर." त्यांच्याशी झालेलं माझं शेवटचं नीटसं बोलणं ते. त्यानंतर दवाखान्यात फक्त पाणी, औषध, कूस... एवढंच.

ताईंच्या नावानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आणि त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी दुपारी गोदाकाकू आल्या. ओसरीवर बसकण मारून म्हणाल्या, "मंग? आपण नवव्या विहिरीकडं निघालो होतो ना?" मामा बाजेवर होते. मिलिंद मान खाली घालून चिंचोके पुसू लागला. मी ताईंच्या जागेवर बसले आणि सुरू केलं. ऊन सांगितलं, वाट सांगितली, वाटेतली बाभळ सांगितली.  आणि मग नववी विहीर आली. या विहिरीवर एक राखणदारीण आहे. बोळक्या तोंडाची म्हातारी. आम्ही चौघं खेळणारे, म्हणजे गोष्टीत आमची चारच माणसं. मुलखातली बाकी सगळी माणसं ताई करायच्या, आणि ही म्हातारी त्यांची सगळ्यात लाडकी. ओठ आत घेऊन, शब्द ओढत, हसू येण्याच्या आधी किंचित थांबत त्या ती करायच्या. वहीत सगळे नियम होते. म्हातारी कशी बोलते ते मात्र कुठंच लिहिलेलं नव्हतं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं...

"थांब," मामा म्हणाले, "तिची मी करतो."

त्यांनी तोंडातली कवळी काढली, पाण्याच्या पेल्यात ठेवली, ओठ आत ओढून घेतले आणि मान जराशी हलवून बोलले, "आले का... आधी पाणी प्या. मंग भांडू."

तोच ओढलेला शब्द. तेच ते हसण्याआधीचं थांबणं. गोदाकाकूंनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या ते कळेना, आणि मिलिंद तर उठून भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मामा तसेच बसले होते, ओठ आत घेऊन, आमच्या उत्तराची वाट पाहत. बापाच्या तोंडात लेकीनं केलेल्या म्हातारीचा आवाज, आणि त्यात मला कुठंच नक्कल दिसली नाही. काकूंनी डोळे पुसले आणि हकिमाच्या आवाजात म्हणाल्या, "म्हातारे, पाणी दे पण भांडण काय ते आताच सांग."

मी वही मिटून बाजूला ठेवली. आम्ही पाणी प्यायलो, आणि दिवेलागणीपर्यंत भांडलो.